रिंजानीच्या कड्यावर एक रात्र : सॅकमध्ये काय भरायचं, काय घरीच ठेवायचं

बालीला जाणारी आपल्याकडची मंडळी हल्ली शेजारच्या लोम्बोक बेटावरही उतरायला लागली आहेत. बाली हिंदूबहुल, तर लोम्बोकमध्ये ससाक समाजाचे मुसलमान बहुसंख्य. इथल्या लोकांनी आपल्या बेटाला 'हजार मशिदींचं बेट' असं नावच देऊन टाकलंय. जेवणाचा प्रश्न नाही, अजान ऐकू येते, समुद्र सुंदर. आणि या सगळ्याच्या डोक्यावर उभा आहे रिंजानी. उंची ३,७२६ मीटर. इंडोनेशियातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच ज्वालामुखी, आणि तोही जिवंत.

तरुण पोरं समुद्रकिनाऱ्यावर दोन दिवस लोळतात, कुणाच्या तरी मोबाईलवर ढगांच्या वर काढलेला फोटो बघतात आणि ठरवतात, चला, आपणही जाऊ. ट्रेक दोन दिवस, एक रात्रीचा. गाईड मिळतो, पोर्टर मिळतात, तंबू मिळतो. मग आपण न्यायचं काय? हाफ पँट, दोन टी-शर्ट आणि पॉवर बँक?

आम्हीही साधारण असंच करून गेलो होतो. पुण्याहून चौघं. त्यातले दोघं शिखरावर पोहोचले आणि दोघं पहाटे अंधारात अर्ध्या वाटेवरून परत फिरले. कारण दमसास नव्हता असं नाही. कारण कपडे होते. तेव्हा जे चुकलं आणि जे कामी आलं, ते इथे सविस्तर सांगतोय.

कळसूबाईचा हिशोब इथे चालत नाही

आपण सह्याद्रीत फिरणारे लोक. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. रिंजानीच्या ट्रेकमध्ये जिथे रात्री तंबू लागतो ती सेम्बालुन बाजूची कड २,६३९ मीटरवर आहे. म्हणजे झोपायची जागाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळपास एक हजार मीटर वर. तिथून शिखर आणखी अकराशे मीटर.

साधारण नियम असा की दर हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. किनाऱ्यावर २८ अंश असतील तर कॅम्पवर ११-१२ आणि शिखरावर चारच्या आसपास. हा झाला दिवसाचा कागदी हिशोब. शिखराची चढाई रात्री दोनला सुरू होते, त्यात वारा. लोम्बोक विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जून ते ऑगस्ट हा तिथला कोरडा आणि थंड हंगाम. आपल्या पोरांच्या डोक्यात मात्र 'इंडोनेशिया म्हणजे दमट गरमी' हे पक्कं बसलेलं असतं. आमच्याही बसलं होतं.

दुसरा फरक जमिनीचा. सह्याद्रीही लाव्हाचाच बनलेला आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरांवर थर बसून टणक कातळ झालेला. पाय ठेवला की दगड धरतो. रिंजानीचा वरचा भाग म्हणजे राख, मुरूम आणि ठिसूळ खडी यांचा ढीग. शेवटच्या टप्प्यात दोन पावलं टाकली की एक पाऊल मागे घसरतं. हे ऐकायला गंमत वाटते. तीन तास केल्यावर वाटत नाही.

आणि हा डोंगर जरा समजून घेऊन जावा. १२५७ साली इथल्या सामालास नावाच्या शेजारच्या शिखराचा इतका प्रचंड स्फोट झाला की ते शिखरच उडालं. त्याच्या गंधकाच्या खुणा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडल्या होत्या, पण तो स्फोट नेमका कुठला हे शास्त्रज्ञांना बराच काळ उमगत नव्हतं. २०१३ मध्ये तो धागा रिंजानीशी जुळला. लोम्बोकच्या ताडपत्रावरच्या जुन्या बखरीत मात्र पामातान नावाचं नगर गाडलं गेल्याची नोंद आधीपासूनच होती. त्या स्फोटानं जो खड्डा पडला त्यातच आज सेगारा आनाक हे सरोवर आहे. नावाचा अर्थ 'समुद्राचं लेकरू'. सरोवराच्या आत बारुजारी नावाचा नवा शंकू वाढतोय. तो २०१५ आणि २०१६ मध्ये फुटला होता.

आधी अंगावरचे कपडे

कपड्यांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: सुती कपडा घाम पितो आणि सोडत नाही. पुण्यात ते सुखाचं, कड्यावर ते धोक्याचं. दिवसभर चढून बनियन चिंब होतं, सूर्य सरोवरापलीकडे मावळला की वीस मिनिटांत तेच बनियन बर्फाच्या पट्टीसारखं पाठीला चिकटतं.

आमच्यातल्या धाकट्याने जाडजूड सुती हुडी नेली होती. दिसायला उबदार. रात्री दोनला निघालो तेव्हा त्याला गरमच होत होतं, तासाभरात हुडी आतून ओली. अंदाजे ३,४०० मीटरवर वारा लागला आणि तो थांबला. आधी कुडकुडला. मग बोलताना शब्द जड यायला लागले आणि हातमोजा घालायला सांगितला तर बोटं जागेवर जाईनात. आम्हाला वाटलं झोप आली असेल. गाईडने बॅटरी त्याच्या तोंडावर धरली, दोन प्रश्न विचारले आणि सरळ सांगितलं, याला खाली न्या. शरीराचं तापमान उतरायला लागलं की माणूस अडखळतो, बोबडा बोलतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. गाईडने आपले हातमोजे काढून त्याला दिले. आमच्यातला एकजण त्याच्याबरोबर खाली गेला. तंबूत ओले कपडे काढून, कोरडे घालून, दोन स्लीपिंग बॅगमध्ये घालून, गरम गोड चहा पाजल्यावर तासाभराने तो नीट बोलायला लागला.

म्हणून कपडे तीन थरांत घ्यायचे. अंगाला लागून पॉलिस्टर किंवा लोकरीचं थर्मल, जे घाम बाहेर टाकतं. त्यावर फ्लीसचं जॅकेट किंवा आपला साधा लोकरी स्वेटर. स्वेटरला हसू नका. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. आणि सगळ्यात वर वारा अडवणारं विंडचीटर, टोपीसकट. चढताना गरम झालं की मधला थर काढायचा, थांबलं की लगेच घालायचा. थंडी वाजायला लागल्यावर नाही, त्याआधी.

याशिवाय एक पूर्ण कोरडा जोड: थर्मल, पायजमा, पायमोजे. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. हा जोड फक्त तंबूत झोपताना घालायचा, कितीही मोह झाला तरी चालताना नाही. कॅम्पवर पोहोचलं की पहिलं काम फोटो नाही, अंगातलं ओलं काढणं.

कानटोपी आणि हातमोजे हवेतच. हातमोजे दोन जोड असतील तर उत्तम: एक पातळ, एक जाड. खडीत चार पायांवर चढायची वेळ येते तेव्हा पातळ मोजे फाटतात. जाड जॅकेट विकत घ्यायचं नसेल तर सेम्बालुन आणि सेनारू या दोन्ही गावांत जॅकेट, काठ्या, हेडटॉर्च भाड्याने मिळतात. पण आदल्या दिवशी स्वतः अंगात घालून, चेन लावून बघा. आम्हाला मिळालेल्या एका जॅकेटची चेन अर्ध्यावर अडकायची, हे आम्हाला कळलं रात्री दोनला.

बहिणींसाठी दोन शब्द, आमच्या गटातल्या वहिनींनी सांगितलेले. वाऱ्यात पिना लावलेली ओढणी टिकत नाही आणि अंधारात पीन टोचते ते वेगळं. डोक्यावरून घालायचा, अंगाबरोबर बसणारा स्पोर्ट्स हिजाब सगळ्यात बरा. त्यावर कानटोपी नीट बसते. पायघोळ अबाया किंवा घेरदार कपडा खडीत पायात येतो. गुडघ्याच्या थोडं वर थांबणारा सैल कुर्ता आणि खाली ट्रेकिंगची पँट हे आब राखणारं आणि सुरक्षितही. पाळीची तारीख जवळ असो नसो, पॅड आणि वापरलेले ठेवायला काळी झिप पिशवी न्यावीच. वर शौचालय म्हणजे खड्डा आणि त्याभोवती उभा केलेला छोटा तंबू. एक मोठा पोंचो जवळ असला की आडोशाची चिंता मिटते.

पाय आणि डोळे

नवे बूट घेऊन थेट डोंगरावर जाऊ नका. किमान महिनाभर आधी घ्या, सिंहगडला चार-पाच फेऱ्या मारा. घोट्याच्या वर जाणारे बूट असावेत. उतरताना सगळा भार पायाच्या बोटांवर येतो, म्हणून निघण्याआधी नखं कापा. ऐकायला किरकोळ, पण आमच्यातल्या एकाची दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून पुढे महिन्याभराने गळाली.

बुटांवरून पोटरीपर्यंत बांधायचं एक कापडी वेष्टण मिळतं, त्याला गेटर म्हणतात. आपल्याकडे फार कुणी वापरत नाही. इथे ते सोन्याच्या मोलाचं. ते नसेल तर दर दहा मिनिटांनी बूट काढून खडी झटकत बसावं लागतं आणि थंडीत थांबणं म्हणजे गारठणं. गेटर नाही मिळालं तर जुन्या पायमोज्याचा पंजा कापून तो बुटाच्या तोंडावर ओढा. आम्ही तसंच केलं, चाललं.

काठ्या दोन घ्या. घोटे आणि गुडघे दुवा देतील, विशेषतः उतरताना.

राख म्हणजे चुलीतली मऊ राख समजू नका. ज्वालामुखीची राख ही दगडाची आणि काचेची बारीक भुकटी असते, धारदार. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा न्यावा. कोरोनातले उरलेले एन-९५ मास्क घरात पडले असतील तर दोन टाका. पुढचा माणूस चालतो तेव्हा त्याच्या पायाखालची धूळ सगळी मागच्याच्या नाकात. इथे एक खुलासा. जावा बेटावरच्या इजेन ज्वालामुखीवर गंधकाच्या धुरासाठी खास गॅस मास्क लागतो, कारण तिथे विवरातच उतरतात. रिंजानीच्या या वाटेवर तो लागत नाही. कुणी विकायला आलं तर घेऊ नका.

उजेड

हेडटॉर्च. मोबाईलची बॅटरी नव्हे. चढाईला दोन्ही हात मोकळे लागतात. आणि थंडीत मोबाईल ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, कारण गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. म्हणून रात्री फोन, पॉवर बँक आणि टॉर्चचे जादा सेल स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ घेऊन झोपायचं. चढताना फोन आतल्या खिशात.

जादा सेल म्हणजे खरोखर जादा. आमच्यातल्या एकाचा हेडटॉर्च साडेतीनला मिणमिणला आणि विझला. पुढचा तासभर तो दुसऱ्याच्या उजेडाच्या कडेने चालला, एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला सरोवराची दरी. ती वाट काही ठिकाणी फार अरुंद आहे. जून २०२५ मध्ये शिखराच्या याच वाटेवरून ब्राझीलची एक तरुणी दरीत घसरली. धुकं आणि सैल उतार यामुळे बचावपथक तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर चौथा दिवस उजाडला होता आणि ती हयात नव्हती. तिची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. आम्ही ती वाट पाहिलेली असल्यामुळे ती बातमी पुढे वाचवली नाही.

म्हणून उजेड, काठी आणि गाईडपासून न दुरावणं या तीन गोष्टींवर तडजोड नको. कुणी दमलं तर गट थांबतो किंवा गाईड त्याच्याबरोबर थांबतो. 'तू बस, आम्ही वर जाऊन येतो' हे इथे म्हणायचंच नाही. दोन गाईड असलेला गट निवडा, म्हणजे एकाला परत फिरावं लागलं तरी बाकीचे अडकत नाहीत. आमच्यात एकच गाईड होता. त्या रात्री धाकट्याला खाली नेताना एका ओळखीच्या नसलेल्या गटाच्या सहायकाने सोबत केली, पैसे द्यायला गेलो तर हात जोडून नको म्हणाला.

पाणी आणि खाणं

पहिल्या दिवशी सेम्बालुनहून निघालं की सुरुवातीला मोकळा गवताळ माळ. सावली नाही. मग एकामागे एक टेकड्या येतात, प्रत्येक वेळी वाटतं ही शेवटची. तिथले लोक त्यांना 'पश्चात्तापाच्या सात टेकड्या' म्हणतात. कुणी नाव ठेवलंय त्याला दाद द्यायला हवी. या टप्प्यात माणशी तीन लिटर पाणी लागतंच. त्यात एका बाटलीत ओआरएस. कॅम्पच्या थोडं खाली झरा आहे, पोर्टर तिथून पाणी आणतात. ते उकळूनच प्यायचं. क्लोरीनच्या गोळ्या सोबत असाव्यात.

जेवण पोर्टर करतात आणि असं करतात की आपण लाजावं. तिरप्या जागेत, वाऱ्यात, छोट्या स्टोव्हवर भात, अंडी, नूडल्स, केळ्याची भजी. पोर्टर बहुतेक ससाक मुसलमान, त्यामुळे हलालची चौकशी करत बसावं लागत नाही. उलट आपणच घरून जे एनर्जी जेल किंवा च्युइंग गोळ्या नेतो, त्यांच्या वेष्टणावर जिलेटिन कशाचं आहे ते बघावं.

सॅकमध्ये स्वतःचं खाणं ठेवायचं ते रात्रीच्या चढाईसाठी. आमचा अनुभव सांगतो: खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि खारे काजू. खजूर थंडीतही दगड होत नाही, बी काढून ठेवले की मोज्यातल्या हातानेही खाता येतात. चॉकलेट मात्र गोठून विटेसारखं झालं. उंचीवर भूक मरते, पण दर पाऊण तासाने तोंडात काहीतरी टाकायचंच. शरीराची शेगडी पेटती राहिली तर थंडी कमी वाजते.

आणि माकडं. कॅम्पवर लांब शेपटीच्या माकडांची टोळी असते. तंबूची चेन उघडी दिसली की संपलं. आमची चिक्कीची अर्धी पुडी त्यांनी नेली. खाणं सॅकमध्ये, सॅक तंबूत, तंबू बंद. बूटही आतच.

उंचीबद्दल: ३,७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६४ टक्के असतो. अडीच हजार मीटरच्या पुढे काहींना डोकेदुखी, मळमळ सुरू होते. हलकी असेल तर पाणी, विश्रांती. वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा तोल जायला लागला तर एकच औषध, खाली उतरणं. झोपेची गोळी घेऊ नका. दमा, रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि रोजची औषधं पोर्टरच्या टोपलीत न देता स्वतःच्या खिशात ठेवावीत. औषधांच्या डब्यात बाकी फार काही लागत नाही: फोडांसाठी पट्ट्या, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, जुलाबाची गोळी, ओठांना व्हॅसलिन, सनस्क्रीन. दिवसा त्या उंचीवर ऊन जाळतं.

नमाजची सोय

हा प्रश्न आम्हाला परत आल्यावर सगळ्यात जास्त विचारला गेला. जानमाज जाड नको, पातळ घडीची घ्या. ओल लागत नाही अशा कापडाची असेल तर विश्रांतीला बसायलाही होते. किब्ला लोम्बोकमधून पश्चिमेपासून सुमारे २३ अंश उत्तरेकडे येतो. आपल्या मुंबईतून तो पश्चिमेपासून दहाएक अंशच उत्तरेकडे आहे, त्यामुळे सवयीने मावळतीकडे तोंड करून उभं राहिलात तर थोडं उजवीकडे वळा. साधं होकायंत्र ठेवा, वर मोबाईलच्या नेटवर्कचा भरवसा नाही. वेळापत्रकही आधीच उतरवून घ्या. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

वुजूला अर्धा लिटर पाण्यात दोघांचं भागतं. पण त्या वाऱ्यात ओले हात-पाय तसेच ठेवू नका, छोटा टॉवेल जवळ ठेवून लगेच पुसा. पाणी खरोखरच पिण्यापुरतं उरलं असेल तर तयम्मुमची सवलत आहेच. कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई, इंडोनेशियातलेही शाफई. त्या मतात तयम्मुमला धूळ असलेली माती लागते, हनफी मतात दगडही चालतो. मोज्यांवरच्या मसहचं म्हणाल तर त्याच्या अटी आहेत. निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या, कड्यावर वाद नको.

फजर चढाईतच येते. जुलैत साधारण पहाटे सव्वापाचच्या सुमारास, शिखराच्या जरा खाली. आमच्या गाईडने एका मोठ्या दगडाआडची जागा दाखवली, जिथे वारा कमी होता. उभं राहून दोघांपुरतीच जागा. आम्ही दोघं, मग तो आणि दुसऱ्या गटातला एक पोर्टर, आळीपाळीने. तिथून परत उभं राहून चालायला लागलो तेव्हा पूर्वेला पट्टा उजळत होता.

पोर्टरच्या खांद्यावर काय टाकतोय

बांबूच्या दोन्ही टोकांना टोपल्या, त्यात तंबू, गाद्या, स्टोव्ह, पाणी, भांडी, कोंबडी, भाजी. पायात बऱ्याचदा साधी स्लीपर. असा माणूस सात टेकड्यांवर आपल्याला मागे टाकून जातो आणि आपण पोहोचतो तेव्हा चहा तयार असतो. म्हणून आपलं सामान सहा-सात किलोंत बसवा आणि ते आपल्याच पाठीवर घ्या. तीन टी-शर्ट, जाड टॉवेल, परफ्युम, ब्लूटूथ स्पीकर (हो, आम्ही नेला होता) हे सगळं हॉटेलात ठेवा. ट्रेक ठरवताना स्वस्तात स्वस्त शोधणाऱ्यांनी हेही विचारावं की एवढ्या पैशात पोर्टरला काय मिळतं आणि रात्री तो कशात झोपतो. आमच्या पोर्टरकडे स्लीपिंग बॅग नव्हती. ताडपत्रीत गुंडाळून झोपला होता. हे आम्हाला सकाळी दिसलं आणि आदल्या रात्री गारठ्याची आम्ही केलेली कुरकुर आठवली.

बक्षिसीसाठी रुपियाच्या सुट्या नोटा ठेवा. चांगल्या स्थितीतले जादा हातमोजे, कानटोपी, जाड पायमोजे असतील तर उतरल्यावर देऊन टाका. त्याचा आब राखून, फोटो न काढता.

कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या. वेष्टणं, ओले टिश्यू, बाटल्या सगळं खाली आणायचं. वर जे दिसतं ते पाहून वाईट वाटतं आणि त्यात भर घालायला तर आपण गेलेलो नसतो.

निघण्याआधी

राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, ट्रेकिंगसाठी बंद असतं. परवाना लागतो आणि रोजची संख्या ठरलेली असते, त्यामुळे आयत्या वेळी पोहोचून भागत नाही. ज्वालामुखीची स्थिती 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी सेवेवर कळते. तिथे चार पातळ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. शेवटची सगळ्यात धोक्याची. आदल्या दिवशी बघा आणि गाईडलाही विचारा. २९ जुलै २०१८ ला लोम्बोकला ६.४ रिश्टरचा भूकंप झाला तेव्हा पाचशेहून जास्त गिर्यारोहक या डोंगरावर अडकले होते, दरडींनी वाटा बंद झाल्या होत्या. आठवड्याने त्याहून मोठा भूकंप आला आणि बेटावर शेकडो माणसं गेली. सेम्बालुनच्या आसपास फिरताना नव्याने बांधलेली घरं दिसतात, ती त्याचीच.

प्रवास विमा घेताना त्यात इतक्या उंचीचा ट्रेक धरलाय का ते वाचा. बऱ्याच साध्या विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचं काही धरलेलं नसतं आणि ते बारीक अक्षरात शेवटी असतं. पासपोर्टची झेरॉक्स सॅकमध्ये, मूळ प्रत हॉटेलात. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठ्या आणि चाकू मोठ्या बॅगेत, स्टोव्हचा गॅस कुठेच नाही. घरच्यांना तारीख, गावाचं नाव आणि उतरण्याची वेळ लिहून द्या. आईला 'फोन लागणार नाही' हे आधी सांगितलेलं बरं. आम्ही सांगितलं नव्हतं. खाली आल्यावर एकोणीस मिस्ड कॉल होते.

आणि एक पिशवी सेम्बालुनच्या मुक्कामाच्या घरी ठेवून जा: धुतलेला सुती सदरा, सैल पायजमा, चपला, साबण. सुती कपड्याची खरी जागा ती. आम्ही उतरलो तेव्हा केसांत, कानांत, दातांत राख होती. घरमालकिणीने बादलीभर गरम पाणी काढून ठेवलं होतं. धाकटा पहिला आत गेला आणि अर्धा तास बाहेरच आला नाही.